जेऊर येथील खग्रास सूर्यग्रहण (१८९८) आणि प्रकाशसंवेदकांच्या संवेदनशीलतेतील भिन्नता

२२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर (ता. करमाळा) येथून खग्रास सूर्यग्रहण दिसले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल या दोघांनीही येथेच तळ ठोकला होता. त्याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास होते. (१८६८ साली लॉकियर यांनी विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, ही समजूत निराधार आहे, त्या वर्षी ते इंग्लंडमध्येच होते.) विजयदुर्गाचे नाव सर्वतोमुखी झाले, जेऊरचे मात्र आपल्या जिल्ह्यातही फारसे घेतले जात नाही.

खग्रास स्थिती जेमतेम २ मिनिटांची. तेवढ्या अवधीत जे टिपले गेले ते छायाचित्रणाच्या काचांवर. त्या काळचा प्रकाशसंवेदक तोच. परंतु हा साक्षीदार निःपक्षपाती होता काय? प्रस्तुत लेखकाच्या मते, नव्हता.

काचेवरील जिलेटिनच्या थरात रजत ब्रोमाइडचे कण असतात. कण जितके मोठे, तितकी काच सामान्यतः अधिक संवेदनशील. शिवाय साधी काच निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देते. हिरव्या प्रकाशासाठी तिला रंजकद्रव्याची जोड द्यावी लागते, हे फोगेल यांनी १८७३ मध्ये दाखविले होते. प्रभाकिरीटाची प्रसिद्ध हिरवी रेषा सुमारे ५३०३ अँगस्ट्रॉमवर आहे. साध्या काचेवर ती क्षीण उमटली वा उमटलीच नाही, तर तो दोष सूर्याचा नव्हे.

याहून विलक्षण कारण १९२५ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या शेपर्ड यांनी उघड केले. जिलेटिन गुराढोरांच्या कातड्या-हाडांपासून बनते. जनावरांच्या चाऱ्यातील मोहरीवर्गीय वनस्पतींमधून आलेली गंधकयुक्त द्रव्ये त्यात अत्यल्प प्रमाणात राहतात आणि रजतकणांची संवेदनशीलता वाढवितात. म्हणजे एकाच कृतीने बनविलेल्या दोन काचा जिलेटिनच्या भिन्न घाण्यांमुळे भिन्न ठरत. जेऊरला काचा उघडल्या गेल्या तेव्हा हे कारण कोणासही ठाऊक नव्हते.

आजच्या सीसीडीतही प्रत्येक चित्रघटकाचा प्रतिसाद किंचित वेगळा असतो. समान उजळलेल्या पृष्ठभागाचे चित्र घेऊन हा फरक गणिताने (भागाकाराने) दूर करता येतो. १८९८ च्या काचांबाबत तशी सोय नाही, कारण प्रत्येक काच एकदाच वापरली गेली. म्हणून दोन तळांवरील चित्रांत प्रभाकिरीटाचा विस्तार कमी-अधिक दिसल्यास, काचेचा प्रकार व प्रकाशनाचा काळ पाहिल्याशिवाय इतिहासकाराने त्यावरून निष्कर्ष काढू नये.

पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली व तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.