पांढऱ्या रंगाचा शोध

रात्रीं दिवाणखान्यांत विजेचा दिवा लावला, तरी टेबलावरचा कागद पांढराच दिसतो. तोच कागद सकाळीं अंगणाच्या सावलींत नेला, तरीहि पांढराच. वास्तविक तंतूच्या दिव्याखालीं त्यावरून परतणारा प्रकाश नारिंगी असतो, आणि सावलींत तो निळसर असतो. डोळा हा फरक मिटवून टाकतो. कॅमेरा तो जसाच्या तसा नोंदवितो. रंगीत छायाचित्रणाचा इतिहास हा बऱ्याच अंशीं या मतभेदाचा इतिहास होय.

डोळ्याच्या या स्वभावाकडे विचारवंतांचें लक्ष पूर्वींच गेलें होतें. १७८९ सालीं, फ्रेंच राज्यक्रांतीच्याच वर्षीं, गास्पार मोंज या गणितज्ञांनीं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें एक साधा प्रयोग मांडला. भिंतीवर तांबडा कागद लावून तो तांबड्या कांचेंतून पाहिला, तर तो लालभडक दिसावा अशी अपेक्षा. परंतु तो फिकट, जवळजवळ पांढरा दिसतो. वस्तूचा रंग ठरवितांना मन आधीं प्रकाशाचा रंग वजा करतें, असें यावरून सूचित झालें. पुढें १९०२ सालीं योहानेस फॉन क्रीस यांनीं या विचारास नियमाचें रूप दिलें. डोळ्यांतील तिन्ही प्रकारचे रंगग्राही घटक भोंवतालच्या प्रकाशाप्रमाणें आपापली संवेदना स्वतंत्रपणें कमीअधिक करतात, असा तो नियम.

छायाचित्राच्या प्लेटीस असें जुळवून घेणारें मन नव्हतें. आरंभीच्या प्लेटी मुख्यतः निळ्या व जांभळ्या प्रकाशासच दाद देत. १८७३ सालीं हेर्मान फोगेल यांनीं रसायनांत विशिष्ट रंगद्रव्यें मिसळून ही मर्यादा ओलांडली. १९०७ सालीं लुमिएर बंधूंची ‘ऑटोक्रोम’ प्लेट विक्रीस आली. तींत बटाट्याच्या सत्त्वाचे नारिंगी, हिरवे व जांभळे रंगविलेले सूक्ष्म कण होते. तरीहि रसायनाचा ओढा निळ्याकडेच असल्यामुळें भिंगापुढें पिवळसर नारिंगी फिल्टर लावणें भाग पडे.

प्रकाशाच्या रंगाचें माप मात्र तापलेल्या धातूच्या अभ्यासांतून निघालें. लोखंड तापूं लागलें कीं प्रथम तांबडें, मग पिवळें, आणि अखेर पांढरें दिसतें, हें प्रत्येक लोहारास ठाऊक असतें. १९०० सालीं माक्स प्लांक यांनीं उष्णतामान आणि प्रकाश यांचा हा संबंध सूत्रांत बसविला. त्यामुळें प्रकाशाचा रंग केल्विन अंशांत सांगतां येऊं लागला. मेणबत्ती सुमारें १९००, घरगुती तंतूचा दिवा २८००, दुपारचें ऊन ५५००, ढगाळ आकाश ६५००, आणि निरभ्र निळें आकाश १०,००० किंवा त्याहूनहि अधिक. चित्रकार ज्या निळ्या छटेस थंड म्हणतो, तीच या मापांत अधिक तप्त ठरते.

१९३५ सालीं मॅनेस व गोडोव्स्की या दोघां संगीतज्ञांनीं सिद्ध केलेली कोडॅक्रोम फिल्म आली, आणि हे आंकडे हौशी छायाचित्रकारांच्याहि व्यवहारांत शिरले. तिचा एक प्रकार उन्हासाठीं, तर दुसरा ३४०० अंशांच्या दिव्यांसाठीं असे. प्रकाश आणि फिल्म यांची गांठ चुकली, तर फिल्टरनें ती सांवरतां येई. फिल्टर किती गडद असावा याचा हिशेब साध्या वजाबाकीनें होत नसे. कारण २७०० व २८०० यांतील फरक डोळ्यास जाणवतो, तर ५५०० व ५६०० यांतील जवळजवळ जाणवत नाहीं. म्हणून दहा लाखांस केल्विन अंशांनीं भागून येणारी संख्या घ्यावी, असें माप अमेरिकेंतील अर्विन प्रीस्ट यांनीं सुचविलें. त्याप्रमाणें ३२०० चे ३१२ व ५५०० चे १८२ होतात. फरक १३० चा, आणि तितक्याच बळाचा फिल्टर.

खरी पंचाईत होती ती मिश्र प्रकाशाची. एका बाजूस खिडकीचें ऊन व दुसऱ्या बाजूस दिवा, अशा खोलींत बसलेल्या माणसाचा अर्धा चेहरा निळा उतरे किंवा अर्धा नारिंगी. भिंगावरचा फिल्टर दोन्ही प्रकाशांस एकाच वेळीं बदलतो, म्हणून तो येथें निरुपयोगी. उपाय उगमापाशींच करावा लागे: खिडकीच्या कांचेवर नारिंगी पारदर्शक पडदा, किंवा दिव्यावर निळा. १९३८ सालीं अमेरिकेंत ट्यूबलाइट विक्रीस आली, आणि अडचण वाढली. तिचा प्रकाश तापलेल्या तंतूचा नव्हे, पाऱ्याच्या वाफेचा व कांचेवरील लेपाचा. फिल्मवर तो हिरवट उतरे. केल्विनचा एकच आंकडा आतां पुरेना.

आजचा अंकीय कॅमेरा लाल, हिरव्या व निळ्या नोंदींस वेगवेगळ्या संख्यांनीं गुणतो. म्हणजे फॉन क्रीस यांचाच नियम गणितानें चालवितो. परंतु सबंध चित्रास एकच गुणक लावला, तर जुनी पंचाईत कायम राहते. २०१५ सालीं एका पोषाखाचें छायाचित्र जगभर गाजलें. कोणास तो निळा-काळा दिसे, कोणास पांढरा-सोनेरी. प्रत्यक्षांत तो निळा-काळा होता. प्रत्येकाच्या मनानें वेगळा प्रकाश गृहीत धरला, असें संशोधकांनीं त्याचें स्पष्टीकरण दिलें.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. दूरच्या रुग्णाचें छायाचित्र पाहणाऱ्या वैद्यास त्वचेवरची पिवळी छटा काविळीची कीं दिव्याची, हें कळलेंच पाहिजे. म्हणून जाणता छायाचित्रकार शक्य तर एक प्रकाश बंद करतो. तें न जमल्यास, ज्या प्रकाशांत मुख्य विषय आहे त्यांत एक करडा कागद ठेवून त्याचीहि नोंद घेतो. मोंज यांच्या काळीं मन जें नकळत करीत असल्याचें दिसलें, तें येथें माणसास जाणूनबुजून करावें लागतें.