डॉक्टर मुलाचा बाप

गेल्या जुम्म्याला भिंगारमध्ये नमाजनंतर ओळखीच्या एका चाचांनी मोबाइल पुढे केला. वर्दीतला मुलगा, केस बारीक कापलेले. लखनौला आर्मी मेडिकल कोअरच्या सेंटरमध्ये नर्सिंग असिस्टंटचं ट्रेनिंग घेतोय. "पोरगा मारायला नाही, वाचवायला गेलाय," चाचा म्हणाले. बंदूक त्यालाही शिकवतात, पण मी ते बोललो नाही. घरी त्याची अम्मी अजून नीट जेवत नाही, हेही त्यांनीच हळू आवाजात सांगितलं.

नगर म्हणजे रणगाड्यांचं गाव. फौजेत पोर जाणं इथे नवं नाही. तरीही घरी येताना मला आठवले ते सोलापूरचे शांताराम कोटणीस.

त्यांचा मुलगा द्वारकानाथ, जन्म १९१०, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजचा डॉक्टर. जपानने चीनवर हल्ला केल्यावर चिनी सेनानी झू दे यांनी नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेस अध्यक्ष सुभाषबाबूंनी आवाहन केलं, आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले: अटल, नागपूरचे चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. घरात चीनबद्दल माहिती किती? चिनी रेशीम विकणारे फेरीवाले येत, तेवढीच. तरी वडिलांनी पोराला हिंमत दिली. आई मात्र खिन्न होती. बापाला अभिमान आणि आईला घोर, ही वाटणी भिंगारमध्येही तशीच निघाली.

हिंदुस्थानातून असं पथक पहिल्यांदाच जात होतं असं नाही. १९१२ च्या बाल्कन युद्धात डॉ. मुख्तार अहमद अन्सारी तुर्कस्तानला वैद्यकीय पथक घेऊन गेले होते. त्यात शिक्षण सोडून आलेली अलीगढची पोरंही होती. त्यातला पेशावरचा अब्दुर्रहमान तिकडचाच झाला.

कोटणीसही परतले नाहीत. वडील गेल्याची बातमी त्यांना चीनमध्येच कळली. घरी यायची मुभा असूनही ते आघाडीवरच राहिले. १९४० च्या एका लढाईत सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचं सांगतात. पुढे कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि तिथल्या पोरांना शिकवूही लागले. लढाईच्या धामधुमीत, अपुऱ्या सामानावर जखमी कसा सांभाळायचा, हे त्यांनी आधी स्वतः शिकून मग शिकवलं. ज्या बापाने त्यांना पाठवलं, त्याला यातलं काहीच बघायला मिळालं नाही.

९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस वारले. वय ३२. फेफऱ्याचा आजार होता, आणि शरीराला विसावा नव्हता. त्या दिवशी नेहरू आमच्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. मौलाना आझाद, आसफ अली, सय्यद महमूद हेही तिथेच. चारच महिन्यांनी, एप्रिल १९४३ मध्ये, मौलानांची बेगम कलकत्त्यात वारली. त्यांनी सरकारकडे सुटकेची विनवणी केली नाही. किल्ल्याच्या भिंतीजवळून जाताना मला हे दोन मृत्यू एकत्रच आठवतात. दोन्हीकडे आपलं माणूस गेलं आणि मधलं अंतर ओलांडता आलं नाही.

सोलापूरच्या या मुलाची गोष्ट देशभर पोहोचवली ती ख्वाजा अहमद अब्बास यांनी. आधी पुस्तक लिहिलं, मग १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यावर सिनेमा काढला. आपल्या घरांतल्या जुन्या माणसांना कोटणीस ठाऊक आहेत ते बहुतेक त्या सिनेमामुळे. पण सिनेमा जिथे संपतो, त्याच्या पुढची गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे.

कोटणीसांची पत्नी को चिंगलान ही परिचारिका. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाप गेला तेव्हा तो साडेतीन महिन्यांचा होता. मोठा झाल्यावर तोही वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला. आईला काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको. १९६७ मध्ये, शिक्षण पुरं व्हायच्या आतच, तो वारला.

को चिंगलान त्यानंतर ४५ वर्षं जगल्या. भारतात अनेकदा आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या.

चाचांना मी यातलं कोटणीसांच्या वडिलांपर्यंतचंच सांगितलं आहे.