काळ्या पाषाणातील भेगा आणि नाशिकच्या विहिरी

नाशिक जिल्ह्याच्या तळाशी असलेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांतून घडला, आणि त्याच्या घट्ट भागात पाण्याला मुरण्यास जवळजवळ जागा नसल्याने येथील विहिरींचा इतिहास हा मुख्यतः भेगांचा इतिहास आहे. लाव्हा थंड होताना आकसून पडलेले उभे सांधे, दोन थरांमधला जोड, आणि वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र होऊन पुढे झिजलेला, शेतकरी ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक, एवढ्याच ठिकाणी पाणी सापडते.

त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी खोदणाऱ्यांनी याच खडकाचा उलटा गुण कामी आणला. अखंड कातळात त्यांनी पावसाचे पाणी धरणाऱ्या पोढी, म्हणजे खोदीव टाकी, केल्या, आणि क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात लेण्याबरोबर पोढी करविल्याचीही नोंद आहे. डोंगरावर पाणी राखायचे तर भेग टाळावी लागे. पायथ्याच्या मळ्यात ते मिळवायचे तर भेगच गाठावी लागे, म्हणून सुरुंगाने फोडलेल्या विहिरीत झरा न लागल्यास शेजारची विहीर भरलेली असूनही ती कोरडी राही.

मोटेच्या काळात विहीर उपसली की काही वेळ थांबून पाणी पुन्हा चढू द्यावे लागे. उपसा सुरू होताच भेगांतले पाणी झपाट्याने येते आणि लवकर सरते. त्यानंतर मांजऱ्या आणि मुरमातला मोठा साठा त्याच भेगांमध्ये सावकाश पाझरतो. साठवणारी जागा एक आणि वाहून नेणारी दुसरी, हा भेद मोट हाकणाऱ्याच्या रोजच्या कामात होता, आणि त्याला गणिती रूप मिळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. हेन्री डार्सीने 1856 मध्ये मांडलेला प्रवाहाचा नियम वाळूच्या थरावरील प्रयोगांतून आला होता. भेगाळलेल्या खडकासाठी बॅरनब्लाट, झेल्टोव आणि कोचिना या सोव्हिएत संशोधकांनी 1960 मध्ये दुहेरी सच्छिद्रतेची कल्पना मांडली, जिच्यात खडकाचे ठोकळे आणि भेगा यांचे दाब वेगवेगळे धरून दोहोंमधली देवघेव मोजली जाते. 1963 मध्ये वॉरेन आणि रूट यांनी तिला तेलविहिरींच्या दाबचाचणीसाठी वापरता येईल असे सोपे रूप दिले. सपाट भेगेतून होणारा प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे रुंदी दुप्पट झाल्यास तेवढ्याच दाबाखाली आठपट द्रव वाहतो, आणि मोजक्या भेगाच विहिरीचे भवितव्य ठरवतात. हे गणित तेलासाठी रचले गेले असले तरी बेसाल्टला ते परके नाही, कारण गुजरातेत वडोदऱ्याजवळच्या पादरा येथे याच दख्खनी बेसाल्टच्या भेगांतून खनिज तेल काढले जाते.

1972 च्या दुष्काळानंतर बोअरची यंत्रे गावोगाव पोहोचली, विहिरींच्या पोटात आडवे बोअर मारले जाऊ लागले, आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांना बारमाही पाण्याची गरज पडू लागली. खोल बोअर दूरच्या भेगांना जोडला जातो, म्हणून पहिल्या दिवसांत तो उदंड पाणी देतो. परंतु त्या भेगांना पुरवठा करणारा वरचा मांजऱ्या तोच राहिल्याने पाण्याची धार बारीक होत जाते. पहिल्या दिवसाच्या धारेवरून बोअरची कुवत ठरविण्याची पद्धत म्हणूनच घातक आहे. उपशानंतर पाणी किती वेळात चढते, याची नोंद अधिक विश्वासार्ह ठरते.

1993 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदण्यास मनाई केली. हेतू स्तुत्य असला तरी वर्तुळाची ही मर्यादा पाणी सर्व दिशांना सारखे वाहते असे गृहीत धरत होती, आणि बेसाल्टमध्ये 600 मीटरवरचा बोअर त्याच भेगेवर असेल तर गावाची विहीर ओढू शकतो, तर 200 मीटरवरचा भेगेबाहेर असल्यास तिला धक्काही लावत नाही.