होकार जिचा तिचा

गटाच्या कर्जाचे कागद असोत, रेशनचा फॉर्म असो की जमिनीची वाटणी, 'इथं सही करा' म्हटलं की आपण सही करून मोकळ्या होतो. लिहिलंय काय, हे विचारायला संकोच वाटतो. पण एक कागद असा आहे की त्यावरच्या सहीनं आपल्या शरीराचा भाग दुसऱ्याला जातो. तो अवयवदानाच्या संमतीचा कागद. तो कसा आला आणि त्यात बाईसाठी वेगळं काय लिहिलंय, ते आज सांगते.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. तेव्हाच्या मुंबई राज्यात १९५७ साली मृत माणसाचे डोळे दुसऱ्याला दृष्टी देण्यासाठी वापरण्याचा कायदा झाला. डोळे मरणानंतरही काही तास चालतात. माणूस गेला, घरच्यांनी हो म्हटलं, की काम होतं. हृदय, यकृत, किडनी यांचं तसं नाही. रक्त पोचायचं थांबलं की हे अवयव लगेच खराब होऊ लागतात.

१९५४ साली अमेरिकेत बोस्टनला एका जुळ्या भावानं दुसऱ्याला किडनी दिली आणि ती टिकली. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला माणसाचं हृदय दुसऱ्या माणसात बसवलं गेलं. त्यानंतर अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. पण एक मोठा प्रश्न समोर आला: माणूस मेला, असं नेमकं कधी म्हणायचं? मेंदू कायमचा बंद पडला, यंत्रानं श्वास चालू आहे, छाती धडधडते आहे, अशा माणसाला काय म्हणायचं? त्याचं उत्तर आपल्या कायद्यात पुढची पंचवीसेक वर्षं नव्हतं.

या काळात डॉक्टर तयार झाले, औषधं आली. महाराष्ट्रानं १९८२ साली मृत व्यक्तीच्या किडनीसाठी कायदा केला. पण जिवंत माणसाच्या किडनीच्या विक्रीला आळा घालणारा कायदा नव्हता. माणसाला दोन किडन्या असतात आणि एकीवर जगता येतं. मग १९८० च्या दशकात बाजार उभा राहिला. मुंबई-मद्रासच्या झोपडपट्ट्यांतून दलाल फिरू लागले. पैसेवाले रोगी देशातून आणि परदेशातूनही येत. कागदावर संमती असायची, सही किंवा अंगठाही असायचा. पण तो होकार कर्जाचा असायचा, माणसाचा नसायचा.

चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांची एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांत बायकाच जास्त होत्या. शंभरातल्या ९६ जणांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. पुढं काय झालं? पाहणीच्या वेळीही चारातले तीन कर्जातच होते. कमाई सरासरी एक तृतीयांशानं घटली होती, कारण अंगमेहनत पूर्वीसारखी होत नव्हती. 'दुसऱ्यानं असं करावं का' असं विचारल्यावर शंभरातले ७९ जण नाही म्हणाले. मैत्रिणींनो, आपल्या गटातली एखादी बाई सावकाराच्या किंवा फायनान्सच्या हप्त्यांत अडकली असेल, तर हे आकडे तिला जरूर सांगा.

अखेर १९९४ साली संसदेनं मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. आरोग्य हा राज्यांचा विषय. म्हणून आधी काही राज्यांनी 'आमच्यासाठी कायदा करा' असे ठराव केले. ती राज्यं होती गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो आपल्याकडं लागू झाला. त्यानं मुख्य तीन गोष्टी केल्या.

पहिली, मेंदूमृत्यू हा मृत्यूच मानला. पण तो एका डॉक्टरच्या शब्दावर ठरत नाही. चार डॉक्टरांच्या मंडळानं, किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून लिहून द्यावं लागतं. ज्यांना अवयव बसवायचा आहे, ते डॉक्टर त्या मंडळात बसत नाहीत. कोमातला माणूस वेगळा. तो कधी शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूमृत माणूस परत येत नाही.

दुसरी, अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. २०११ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी झाली. विकणाराही यात सापडतो, हे ध्यानात ठेवा.

तिसरी, जिवंतपणी कोण देऊ शकतं हे ठरवलं. आधी नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण एवढेच जवळचे नातेवाईक होते. २०११ च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडं आली. सासू-सासरे, दीर, नणंद या यादीत नाहीत. सुनेनं सासऱ्याला किडनी द्यायची, तर ती खरंच मायेपोटी देते की दबावाखाली, हे प्राधिकार समिती तपासते.

आता आपल्या मुद्द्याला येऊ. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं नोंदली गेली. त्यांतली २९,६९५ पुरुषांवर झाली आणि ६,९४५ स्त्रियांवर. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र स्त्रियाच निम्म्याहून बऱ्याच जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. मनापासून देणाऱ्या कितीतरी आहेत, त्यांच्या मायेला नमस्कारच. पण 'तो कमावता आहे, तूच दे' असं सगळं घर म्हणतं, तेव्हा नाही म्हणायला तिला जागा उरते का?

हे ओळखूनच २०१४ च्या नियमांत लिहिलं गेलं, की देणारी स्त्री असेल तर अधिक खबरदारी घ्यावी. तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती, अवयव घेणारा सोडून दुसऱ्या व्यक्तीनं पडताळावी. देणारीला धोके आधी समजावून सांगणं डॉक्टरांवर कायद्यानं बंधनकारक आहे.

उलटही घडतं. २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयात एका लेकीचं प्रकरण आलं. तिला आजारी वडिलांना किडनी द्यायची होती. ती नवऱ्यापासून वेगळी राहत होती, तरी रुग्णालयानं नवऱ्याचं संमतीपत्र मागितलं. न्यायालयानं सांगितलं, की कायद्यात अशी अट नाही. तिच्या शरीराचा निर्णय तिचा.

म्हणजे होकार जिचा तिचा, आणि नकारही जिचा तिचा. दवाखान्यात नाही म्हणायचं असेल, तर डॉक्टरांशी किंवा समितीशी एकटीनं बोलू द्या असं मागा. ऑपरेशनला नेईपर्यंत मन बदलता येतं.

मरणानंतर द्यायचं असेल, तर दोन साक्षीदारांसमोर अर्ज लिहिता येतो. त्यांतला एक तरी जवळचा नातेवाईक हवा. पण कागद पेटीत राहिला तर उपयोग नाही. त्या घटकेला डॉक्टर घरच्यांनाच विचारतात, म्हणून इच्छा घरात बोलून ठेवा. आणि नको असेल, तर तेही सांगून ठेवा. जिवंतपणी नकार दिला असेल, तर मागं राहिलेल्यांनाही देता येत नाही.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हा विषय काढा. कुणी हो म्हणेल, कुणी नको म्हणेल. प्रत्येकीनं आपलं उत्तर आपल्या तोंडानं सांगावं.