सॉग्डियन कांस्यनाणी

मध्य आशियातील झरफशान नदीच्या खोऱ्यात व आसपास सॉग्डियन नगरराज्यांनी मुख्यतः इ. स. ७ व्या–८ व्या शतकांत काढलेली, मध्यभागी चौकोनी छिद्र असलेली ओतीव नाणी. तांग दरबाराने ६२१ मध्ये चलनात आणलेले ‘काययुआन थुंगपाओ’ हे चिनी नाणे त्यांचा नमुना होय (→ तांग वंश). सॉग्डियाना हे एकसंध राज्य नव्हते. समरकंद, पंजिकंत, बुखारा येथे स्वतंत्र शासक होते; त्यांच्यावर प्रथम पश्चिमी तुर्कांचे व पुढे नाममात्र चीनचे अधिराज्य होते. समरकंदच्या नाण्यांवर एका बाजूस छिद्राभोवती सॉग्डियन लिपीत राजाचे नाव व पद कोरलेले असते. ‘राजा’ हा शब्द मात्र अरामी चिन्हशब्दाने लिहीत, वाचताना सॉग्डियन ‘इख्शीद’ म्हणत. दुसऱ्या बाजूस तमगा, म्हणजे घराण्याची खूण. वर्खुमान, तर्खून, घूरक, तुर्गार ही नावे अशा नाण्यांवर आढळतात. पंजिकंतच्या काही नाण्यांवर नना देवीचे नाव आहे (→ नना). ७१२ मध्ये अरब सेनापती कुतैबा इब्न मुस्लिमने समरकंद घेतल्यावरही ही नाणी काही काळ निघत राहिली. पुढे अरबी फलूसांनी, म्हणजे तांब्याच्या नाण्यांनी, त्यांची जागा घेतली. लिखित साधने तुटपुंजी असल्याने स्थानिक राजांचा क्रम लावण्यास ही नाणी मोलाची ठरतात (→ मुग पर्वत दस्तऐवज).