बैल : चित्रविषय आणि गोतावळा

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकलेत गुरेढोरे निसर्गदृश्याच्या कडेवरून चित्राच्या मध्यभागी आली. या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण म्हणजे रोझा बोनर हिचे ‘निव्हेर्ने प्रांतातील नांगरट’. १८४८ च्या क्रांतीनंतर नव्या प्रजासत्ताकाने ते करवून घेतले आणि १८४९ च्या सालों प्रदर्शनात ते मांडले गेले. मधल्या काळात पुरुषांना मिळालेल्या सार्वत्रिक मताधिकारामुळे शेतकरी राजकारणात निर्णायक ठरला होता. चित्रात मात्र बारा धिप्पाड बैलांपुढे माणसे खुजी दिसतात. एक बैल प्रेक्षकाकडे डोळा रोखून पाहतो. औत हाकणाऱ्याची नजर आपल्याला भेटत नाही. जमीन कोणाची, हा प्रश्न उलटलेल्या ढेकळांखाली गाडला जातो.

मराठीत हा प्रश्न प्रथमपासून उघडा राहिला. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) बैल हा सौंदर्यविषय नाही. जंगलखात्याने चराऊ राने बळकावल्याने खंगलेले जनावर हा तेथे शासनव्यवस्थेविरुद्धचा पुरावा आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’मधून (१९२५) जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला. परंतु जनावराकडे आतून पाहणारी दृष्टी या परिसराला लाभली ती चित्रातून नव्हे, गद्यातून : कागलच्या आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीतून.

नारबा हा दुसऱ्याच्या मळ्यावर राबणारा गडी. जनावरे हाच त्याचा गोतावळा. तो स्वतःच्या बोलीत निवेदन करतो. त्यामुळे बोनरच्या चित्रातील नजर येथे उलटते. पाहणारा बांधावर उभा नाही, तो दावणीतच आहे. ट्रॅक्टर येतो, जनावरांची गरज संपते आणि नारबा एकाकी होतो.

या कादंबरीला गतकालविव्हल ठरवणे सोपे आहे. पण तसे केल्यास तिचा मर्मबिंदू निसटतो. ज्या बैलांवर नारबाचा जीव आहे, ते त्याचे नाहीत. मळाही त्याचा नाही. मालकाच्या हिशेबात बैल आणि गडी एकाच रकान्यात आहेत. नाते आहे, हक्क नाही. बोनरच्या चित्रात जनावराचे भव्यत्व श्रमिकाला झाकते. ‘गोतावळा’त जनावराचे जाणे श्रमिकाची अवस्था उघड करते. ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने मातीच्या ओढीइतकाच या मालकीसंबंधाचाही विचार केला पाहिजे. तो टाळला, तर आपले वाचनही प्रदर्शनातल्या प्रेक्षकासारखे बैलाच्या डोळ्यापाशीच थांबेल.