एका वाचणारीचा अभिप्राय

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दहा-बारा वाचक जमतो. नुकत्याच वाचून संपवलेल्या पुस्तकाबद्दल प्रत्येकानं चार शब्द बोलायचे, एवढाच नियम. निवृत्त तलाठी इतिहासावर बोलतात, शाळेतले सर कादंबऱ्यांवर आणि मी बहुधा कवितेवर. शिवणकाम करणाऱ्या एक ताई न चुकता येतात. पुस्तकं नेतात, वाचून परत करतात. बोलायची पाळी आली की मात्र म्हणतात, "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही बोला."

त्या असं म्हणाल्या की मला दरवेळी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवतात.

1881 साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. या प्रकरणावर वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीला नावं ठेवली जाऊ लागली. ते वाचून वऱ्हाडातली ही मराठा घरातली बाई संतापली. तिचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. मुलीला त्यांनी लिहायला-वाचायला शिकवलं होतं. तिनं जे लिहिलं, ते 1882 मध्ये पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापून निघालं. नाव 'स्त्रीपुरुष तुलना', प्रती 500, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक आपण स्त्रीमुक्तीचा आद्य ग्रंथ म्हणून ओळखतो, आणि ते योग्यच आहे. पण मला ते आणखी एका कारणासाठी जवळचं वाटतं. ते मुळात एका वाचणाऱ्या बाईचं मत आहे. ताराबाईंनी वर्तमानपत्रं वाचली होती, धर्मग्रंथांतल्या कथा वाचल्या होत्या आणि त्या काळची करमणुकीची पुस्तकंही वाचली होती. 1861 च्या 'मुक्तामाला' कादंबरीचा, 'मनोरमा' नाटकाचा त्या हिशेब मागतात. तुम्ही लेखक मंडळी बायकांची चित्रं रंगवता, पण अशा बायका असतात तरी कुठे, असा त्यांचा रोख आहे. जे दुर्गुण तुम्ही आमच्या माथी मारता ते तुमच्यात जास्त नाहीत काय, असं त्या पुरुषांना तोंडावर विचारतात. आणि हे सगळं लिहिणारी बाई प्रस्तावनेत मात्र स्वतःकडे कमीपणा घेते: मी घरात कोंडलेली, मला जगाचं ज्ञान ते काय! आमच्या ताईंसारखंच. फरक एवढाच, की तसं म्हणून ताराबाई गप्प बसल्या नाहीत.

पुस्तकावर टीका झाली, टिंगलही झाली. त्या गदारोळात एक वाचक ठामपणे पुढे आला. त्याचं नाव जोतीराव फुले. 1885 मध्ये त्यांनी काढलेल्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि टीकाकारांना सुनावलं. टिंगल कशी लागते हे जोतीरावांना ठाऊक होतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या भाषेची, व्याकरणाची रेवडी उडवली होती. त्याच 1885 साली न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना ग्रंथकार सभेचं निमंत्रण दिलं, तेव्हा जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारलं. सामान्य माणसाचे हक्क मनापासून न मानणाऱ्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचं जमणार नाही, असा त्याचा आशय होता. हाही वाचकाचा अभिप्रायच, फक्त सडेतोड.

पण पुस्तक निघाल्यापासून 'सत्सार' निघेपर्यंत तीन वर्षं गेली होती. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पुढे 'स्त्रीपुरुष तुलना'ही लोकांच्या विस्मरणात गेली. 1975 मध्ये संशोधक स. गं. मालशे यांनी ती संपादित करून पुन्हा प्रकाशात आणली. मधे 93 वर्षं गेली. 1994 मध्ये रोझलिंड ओ'हॅन्लन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला आणि वऱ्हाडातली ही बाई जगभर वाचली जाऊ लागली.

मी ते पुस्तक बी.ए.ला असताना वाचलं. आमच्या घरी दखनी बोलली जायची. मराठी मला शाळेनं दिली आणि तिनंच कवी केलं. अम्मीला वाचता येत नव्हतं. संध्याकाळी ती तांदूळ निवडत असताना मी तिला ताराबाईंची काही पानं दखनीत करून सांगितली. बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी करायला मोकळा होणारा नवरा आणि जन्मभर कोपऱ्यात बसवलेली विधवा, हा भाग आला तेव्हा अम्मीचा हात थांबला. म्हणाली, "ये बाई अपने मोहल्ले में रहके गई क्या रे?"

त्या पुस्तकावर नंतर मी पुष्कळ विद्वानांचं लिखाण वाचलं. पण अम्मीचं हे एक वाक्य मी त्या सगळ्यांच्या शेजारी ठेवतो. जात वेगळी, धर्म वेगळा, मधे शंभरेक वर्षांचं अंतर. तरी तिनं ताराबाईंना शेजारीण म्हणून ओळखलं. आणि माझी अम्मी तर जन्मभर सांगत आली, "मेरे को क्या समझता?"

गेल्या पावसाळ्यात मी आमच्या ताईंना 'स्त्रीपुरुष तुलना' नेऊन दिलं. पुढच्या बैठकीला त्यांची पाळी आली. नेहमीप्रमाणे त्या "मला काय" म्हणाल्या आणि थांबल्या. मग पिशवीतून पुस्तक काढून म्हणाल्या, "भाषा अवघड गेली. दोन-दोनदा वाचायला लागलं. शेवटी शेवटी बाई फारच चिडलीय. पण तिचं खोटं काय आहे, ते मला सापडलं नाही."

तलाठीसाहेबांनी वहीत त्यांचं नाव लिहिलं, पुढे पुस्तकाचं नाव लिहिलं. अभिप्रायाच्या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "जे बोलले तेच लिहा."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)